एक किलो वाढवून

पडद्यावर सदतीस चौकटी होत्या. त्यांतल्या एकोणतीस काळ्या, नुसत्या नावांच्या. सहांत माणसं दिसत होती, एकीत छताचा फिरता पंखा, आणि खालच्या ओळीत डावीकडून दुसरीत स्वप्नाली स्वतः. तिच्यामागे खोलीची पिवळट भिंत, भिंतीत दोन खिळे, एकाला छत्री अडकवलेली, दुसरा मोकळा. टेबलावर वही, दोन पेनं, साय धरलेला अर्धा कप चहा. फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. खाली साताऱ्यातल्या गोडोलीच्या रस्त्यावर कुणीतरी मागं येणाऱ्या टेम्पोला 'यिऊ दे, यिऊ दे' म्हणून सांगत होतं आणि टेम्पो काही येत नव्हता. हे सगळं तिला नंतर इतकं नेमकं आठवत राहिलं की तिचं तिलाच नवल वाटलं. पुढच्या वाक्याआधी खोलीत काय काय होतं, याचा मनानं जणू पंचनामा करून ठेवला होता.

वाक्य तसं साधं होतं. डॉ. इंद्रजित पुण्याहून शिकवत. दर रविवारी दोन तास, सामुदायिक आणि सार्वजनिक आरोग्याची एक वर्षाची पदविका, सगळी ऑनलाइन. विद्यार्थ्यांत नर्सबाया, दोन-तीन औषधवाले, बाकी कोण कोण, आणि शाळामास्तरीण ही एकटीच. त्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या प्रकल्पातली माहिती तपासायला घेतली होती. तिसरा तक्ता स्वप्नालीचा आला. मेढ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी, तिथली जिल्हा परिषदेची शाळा, तिसरीतून चौथीत गेलेला एक वर्ग, एकोणीस मुलं, दोन वर्षांत चार वेळा घेतलेली वजनं. तक्त्यात शहात्तर घरं, त्यांतलं एक रिकामं. सरांनी वजनांतले दशांशाचे अंक मोजून त्यांचे खांब काढले होते. पहिल्या वर्षीच्या जानेवारीत आरोग्य पथक येऊन मुलं तोलून गेलं होतं, तो रकाना सोडला तर छप्पन्न आकडे उरत होते. त्या छप्पन्नांतले एकोणपन्नास पूर्ण किलोत होते आणि सात अर्ध्या किलोत. शून्यावर एक उंच खांब, पाचावर एक बुटका, बाकी आठ जागी काहीच नाही. काट्यावर उभं राहिलेलं मूल असं गोल वजन देत नाही, सर म्हणाले, कधी सातशे ग्रॅम वर असतं, कधी दोनशे. आणि गेल्या जुलैपासून सहा महिन्यांत ही सगळी मुलं बरोबर एकेक किलोनं वाढली आहेत, आजारी पडलेली, न पडलेली, सगळी. ते चिडले नव्हते. वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. नोंदवह्यांत असं पुष्कळ ठिकाणी आढळतं, आणि ते ओळखायचं कसं हे दाखवायला मॅडमचा तक्ता फार छान उदाहरण आहे. मग त्यांचा पडद्यावरचा बाण बाराव्या ओळीवर येऊन थांबला.

"बारा नंबर. शेवटचं घर रिकामं आहे. गळती का, मॅडम?"

स्वप्नालीनं माइक सुरू केला. "होय सर," ती म्हणाली. "गळती."

सरांनी त्या घरात पिवळा रंग भरला आणि ते पुढच्या तक्त्याकडे वळले. तो कुणा नर्सबाईंचा होता, विहिरींच्या पाण्याचा. स्वप्नालीनं माइक बंद केला, मग कॅमेराही. काळ्या चौकटी तीस झाल्या.

गळती हा शब्द तसा रोजचा. शाळेत त्याचा एक तक्ता असतो, तो दरवर्षी भरायचा आणि शक्यतो शून्य दाखवायचा. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं पोर गळती. मामाच्या गावाला राहायला गेलेलं, दाखला न नेलेलं, तेही गळतीच. बारा नंबर शिवांजलीचा होता. ती सप्टेंबरात गेली. तीन तारखेपर्यंत हजेरी आहे, चार आणि पाचला गैरहजर, आणि सहा तारखेला हंबीरराव गुरुजींनी प्रार्थनेनंतर मुलांना उभं करून दोन मिनिटं शांत ठेवलं. मुलं शांत राहिली, पण पहिलीतल्या कुणाला तरी मध्येच शिंक आली आणि चौघं हसली. स्वप्नालीलाही त्या हसण्याचा राग आला नव्हता. तिला कशाचंच काही आलं नव्हतं. त्या आठवड्यात तिनं भागाकार शिकवला. डॉक्टर म्हणाले साखर, असं वाडीत लोक एकमेकांना सांगत होते, आणि प्रत्येकजण पुढे म्हणे की एवढ्या लेकराला कुठं साखर असते व्हय. साताऱ्यात नेलं तेव्हा बोटातल्या रक्ताचा थेंब मशीनला लावला, तर मशीनला आकडाच दाखवता येईना, इतकी. दोन दिवस उलट्या चालल्या होत्या, घरच्यांना वाटलं पित्त. वय नऊ वर्षं चार महिने.

नोव्हेंबरात तिनं हा अभ्यासक्रम घेतला. कुणी विचारलं तर ती म्हणे, पुढं बढतीला उपयोगी पडेल. हंबीरराव गुरुजी म्हणाले होते, "आवं मॅडम, एवढी पोरं सांभाळताय ती काय कमी हाय का, आता समद्या गावाचं आरोग्य घ्या उरावर." तिनं हसून सोडून दिलं होतं. पण पहिल्या पाठापासून ती एका गोष्टीची वाट पाहत होती हे तिला आता, कॅमेरा बंद करून बसल्यावर, कळलं. कुठल्यातरी रविवारी तो पाठ येईल, लहान मुलांतला मधुमेह, आणि सर सांगतील की तो फार झपाट्यानं येतो, आधी काही कळत नाही, कुणाच्या हातात काही नसतं. तो पाठ जानेवारीत आला. सरांनी चार खुणा सांगितल्या. फार तहान लागणं. वारंवार लघवीला जाणं. थकवा. खाऊनपिऊन वजन उतरणं. तिनं त्या वहीत उतरवून घेतल्या, चारींना क्रमांक दिले, खाली पट्टीनं रेघ मारली आणि वही मिटली. त्यानंतर चार रविवार तिनं ते पान उघडलं नव्हतं.

पहिल्या तीन खुणा तिला माहीतच होत्या. ऑगस्टमध्ये शिवांजली तासाला तीन-तीनदा उठे. बाई, पाणी प्यायला जाऊ. बाई, लघवीला जाऊ. पोरं हसत. तिनं नियम काढला, एका तासात एकदाच. मग शिवांजली आपली बाटली संपवून शेजारच्यांच्या बाटल्यांतलं पाणी प्यायला लागली. तक्रारी आल्या, बाई, ही सारखं माझं पाणी पिते. स्वप्नालीनं तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणार नाही असं पाच वेळा म्हणायला लावलं. तिनं म्हटलंही. तिसऱ्या वेळेला तिची जीभ टाळ्याला चिकटली, च्यक् असा बारीक आवाज झाला, आणि मग तिनं राहिलेलं पुरं केलं. हे आठवलं की स्वप्नाली स्वतःला सांगे, तहानेचं काय, पोरं खेळून येतात, तहान लागते. लघवी पावसाळ्यात सगळ्यांनाच होते. थकवा तर मोजताही येत नाही. चौथी खूण तेवढी अशी होती की तिला आकडा होता. आणि आकड्यापुरतं बोलायचं तर नोंदवहीत शिवांजलीचं वजन उतरलेलं नव्हतं. जानेवारीत एकवीस किलो सातशे, जुलैत तेवीस. वाढलेलं होतं.

तेवीस कसे आले ते तिला ठाऊक होतं. शाळेत काटा होता, कपाटात, वरच्या फळीवर, लेझीमच्या पेटीमागे. त्याचा सेल संपून दोन वर्षं झाली होती, आणि तो सेल मेढ्यात मिळत नसे, सातारला मिळे, म्हणजे तिच्या खोलीपासून चार मिनिटांवर. पण मुद्दा सेलचा नव्हताच. शाळेत ती नवी आली त्या वर्षी जुलैत ती मुलांना ओळीनं उभी करायला निघाली, तेव्हा हंबीरराव गुरुजींनी तिला खुर्चीवर बसवलं होतं. मुख्याध्यापक असून ते कधी आवाज चढवत नसत. "पोरगं सा म्हैन्यात एक किलो वाढतंय, मॅडम," ते म्हणाले, "ह्ये वरच्यानंच ठरवून दिलंय. तुमी फकस्त लिवायचं काम करा. पोरं काय बकरी हायत व्हय, तोलायला?" बाजूच्या वर्गातल्या बाई हसल्या होत्या, तीही हसली होती. गुरुजी आळशी नव्हते. मुलांच्या जेवणात तांदूळ कमी पडला तर घरून आणत. पण शाळेत माहिती इतक्या प्रकारची मागत आणि इतक्या तातडीनं मागत की कुठली खरी भरायची आणि कुठली नुसती भरायची याचा एक शहाणपणा मास्तर लोकांत आपोआप मुरतो. वजन दुसऱ्या प्रकारातलं होतं. एकवीस सातशे म्हणजे बावीस, अधिक एक, तेवीस. एका मुलाला दोन सेकंद. जुलैत बाहेर धुकं इतकं उतरलेलं होतं की वर्गातून ध्वजाचा खांब दिसत नव्हता, आणि एकोणीस आकडे लिहायला तिला एक मिनिटही लागलं नव्हतं. आठ वर्षं, दर वर्षी सरासरी वीस मुलं, वर्षातून दोनदा एकेक किलो: तिनं आता वहीच्या समासात गुणाकार केला. तीनशे वीस किलो. कुणाच्याच अंगावर कधी नसलेलं.

यंदाच्या जानेवारीतही तिनं तेच केलं होतं. पदविकेचे तीन महिने झालेले असताना, बालकांची वाढ हा पाठ परीक्षेत ऐंशी टक्के मिळवून झालेला असताना. सेलही आणला होता, तो पर्समध्ये होता. पण मुलांना काट्यावर घ्यायचं म्हणजे हजेरीनं नावं पुकारायची, आणि अकरानंतर तेरा म्हणायचं. रोजची हजेरी वहीत पाहून भरता येते, मान वर करावी लागत नाही. काट्यापाशी अकराव्या पोराला उतरवून तेराव्याला बोलावताना मधला तो अर्धा क्षण सगळ्या वर्गासमोर उघडा पडला असता. तिनं अठरा आकडे स्टाफरूममध्ये बसून लिहिले.

दुपारी ती जेवली नाही. राजवाड्यापर्यंत चालत जाऊन आली, काही न घेता. परत आल्यावर तिनं वडिलांना फोन लावला. ज्योतिबा आटपाडीच्या पुढं, माणगंगेच्या कोरड्या पात्राकडेला राहत. एके काळी त्यांच्याकडे सव्वाशे मेंढरं होती आणि दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून ते पश्चिमेला निघत. आता पाणी आलं, डाळिंब आलं, आणि मेंढरं चौदा राहिली, तीही मोडवत नाहीत म्हणून. फोनवर ते नेहमी आधी पावसाचं विचारत, मग जेवणाचं. तिनं लहानपणी पाहिलेलं एक विचारलं. वाटेत मुक्कामाचा तळ पडला की आई चुलीचे दगड मांडायची, आणि हे कळपातून चालत जायचे, प्रत्येक मेंढराच्या पाठीवरून हात फिरवत, न बोलता, सगळ्या सव्वाशेंच्या. ती मागून चालायची. मध्येच ते थांबायचे आणि एखादीला बाजूला ओढायचे. तिला ती इतर मेंढरांसारखीच दिसायची. लोकर तेवढीच. आबा, तुम्हाला कसं कळायचं, तिनं विचारलं.

पलीकडे डाळिंबाच्या बागेतली मोटार चालू होती.

"लोकरीवरनं न्हाई कळत," ते म्हणाले. "लोकर फशीवती. आत कना हाताला लागला की समजायचं, मेंढरू उतरलं. पर कालचा हात ध्येनात पायजे, तवा आजचा कळतूया." मग त्यांनी विचारलं, तुला बरं न्हाई का? ती म्हणाली, बरंय, शाळेच्या कामासाठी विचारलं. ते म्हणाले, शाळंत मेंढरं कवापासनं शिकवाय लागले, आणि स्वतःशीच हसले.

फोन ठेवल्यावर तिचे हात मांडीवर होते, तळवे वर. पंधरा ऑगस्टचं तिला आठवत नव्हतं असं नव्हे. फक्त ते तिनं वेगळ्या जागी ठेवलेलं होतं, कवायत, सफेद मोजे, लाडू, अशा गोष्टींत. ध्वजवंदनाला दहा मिनिटं असताना शिवांजलीचा निळा स्कर्ट ओळीत उभ्या-उभ्या खाली घसरला होता. मुली खुदखुदल्या. स्वप्नालीनं तिला खांबाआड नेलं, गुडघ्यावर बसली, स्कर्टचा पट्टा मागं ओढून त्याची घडी घातली. एक घडी पुरली नाही, दुसरी घातली. आपल्या साडीच्या पदराची पिन काढून तिला लावली. पिन टोचू नये म्हणून आतून दोन बोटं धरावी लागतात. तिची बोटं स्कर्ट आणि पाठ यांच्या मध्ये होती आणि कमरेच्या वरचा मणका त्यांना लागत होता, एक, त्याच्यावर दुसरा. कातडी गरम आणि कोरडी होती. "केवढा मोठा घेतलाय गं स्कर्ट," ती म्हणाली होती, "आईला म्हणावं मापाचा शिव." शिवांजली म्हणाली होती, बाई, हा गेल्या वर्षीचाच आहे. मग बँड वाजायला लागला.

काळोख पडायच्या आधी तिनं एवढं ठरवलं: खरा आकडा कुठंतरी असेल. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंतचीच मुलं तोलतात. उपकेंद्रात शिवांजली गेल्याची नोंद नव्हती, ते तिनं पूर्वीच एकदा, सहज विचारल्यासारखं, विचारून घेतलं होतं. पण घरी कुणी तोललं असेल, कुठल्या खाजगी डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं असेल. तो आकडा तेवीसच्या जवळपास असला, बावीस असला, अगदी एकवीस असला, तर तिनं काटा काढला असता तरीही त्यात काही दिसलं नसतं. तसा तो असू शकतो. झपाट्यानं येणाऱ्या आजारात शेवटच्या आठवड्यातच सगळं उतरतं, असंही वाचलं होतं तिनं. तिला माफी नको होती, असं ती मनात म्हणाली, फक्त मोजमाप हवं होतं. आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हे खरं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती शिवांजलीच्या घरी गेली. सप्टेंबरात सगळ्या शिक्षकांबरोबर आली होती त्यानंतर आत्ताच. शिवांजलीची आई उज्ज्वला पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिशीची बाई, हात भराभर चालणारे. नवरा सैन्यात, निरोप मिळून तो पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं, बारा दिवस राहिला, आणि पुन्हा जम्मूला गेला. तिनं स्वप्नालीला पाट दिला, चहा टाकायला आत गेली, आणि आतूनच पोरांच्या परीक्षा कधी, मेढ्याची गाडी वेळेवर येते का, असं विचारत राहिली. चहा आणल्यावर ती पुन्हा शेंगांपाशी बसली. स्वप्नालीनंही चार शेंगा हातात घेतल्या. कसं विचारावं हे तिनं एसटीत घोकलं होतं, पण तसं ते आलं नाही. ती म्हणाली, मी एक आरोग्याचा अभ्यास करते आहे, त्यात मुलांची वजनं लागतात, तर शिवांजलीचं वजन पावसाळ्यात कुणी केलं होतं का, शाळेव्यतिरिक्त.

उज्ज्वलाचे हात थांबले नाहीत. "शाळंतलं हाय की तुमच्याकडं," ती म्हणाली. "तेवीस. माज्या ध्येनात हाय. तुमी ते कार्ड दिलं हुतं घरला, सही कराय. ते लय बघितलंय मी, बाई. पोरगी मला वाळल्यागत दिसायची. गळ्याची हाडं वर आल्याली. तिच्या बाला फोनवर सांगितलं, तर त्ये म्हनले, साळंत काय लिवलंय बघ. बघितलं तर तेवीस. आदी एकवीस हुती. मग मीच तिला म्हनलं, तू वाळली न्हाईस गं, उंच व्हाया लागलीस." तिनं सोललेले दाणे ताटलीत सरकवले. "केरबाआप्पा तेवडे म्हनले हुते. गिरनीवाले. पोरगी हलकी लागतीया, डाक्टरला दाव. मी त्यास्नी म्हनलं, आप्पा, तुमचा काटा बिगाडलाय. बाईंनी तेवीस लिवलंय. बाई शिकल्याल्या हायत."

कोंबडी दाण्याला आली, तिला उज्ज्वलानं पायानं हुसकलं. स्वप्नालीच्या हातातली शेंग उघडी होती, आत चार दाणे, एक किडका.

"ते वजन मी केलं नव्हतं," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"मुलांना काट्यावर उभं केलं नव्हतं. आधीच्या वजनात एक किलो वाढवून लिहिलं. सगळ्यांचंच तसं लिहितो."

उज्ज्वलानं तिच्याकडे पाहिलं. स्वप्नालीला वाटत होतं ती ओरडेल, निदान उठेल. ती तशी उठली असती तर स्वप्नालीला हलायला जमलं असतं. पण उज्ज्वला बघत राहिली, परकं कुणी दारात आल्यावर ओळख पटेपर्यंत बघतात तसं. मग तिनं खाली पाहिलं आणि एक शेंग उचलली, पण सोलली नाही. तिचा अंगठा शेंगेच्या शिरेवरून पुढं-मागं फिरत राहिला.

"मग आप्पांचा काटा बरोबर हुता म्हनायचा," ती म्हणाली.

कपाकडे बघून तिनं म्हटलं, चा गार हुतोय. स्वप्नालीनं कप उचलला आणि सगळा चहा एका दमात प्यायली; तो गार झालेलाच होता. ती उठली तेव्हा उज्ज्वला म्हणाली, "गिरनीत भितीवर लिवल्यालं असंल अजून. आप्पा पुसत न्हाईत. जावा, बगून या." आणि पायरी उतरताना मागून, आवाज न बदलता, "पर मला यिऊन सांगू नगासा किती हुतं ते."

गिरणी ओढ्यापलीकडे होती. वाट दोन शेतांमधून जायची, एकात घेवड्याचे वाळलेले वेल अजून काठ्यांवर होते. पाय नीट चालत होते याचंच तिला विचित्र वाटत होतं. तिनं मनाशी म्हणून पाहिलं, मी तुझ्या आईचे डोळे खोटे पाडले. वाक्य बरोबर होतं, व्याकरणाला धरून होतं, पण ते तिच्यापासून बरंच लांब उभं होतं, फळ्यावर दुसऱ्या कुणी लिहून ठेवल्यासारखं. पुण्यात बसून सरांनी आकडे खोटे आहेत एवढं ओळखलं होतं. खोटा आकडा कार्डावर चढून घरी जातो, चुलीपुढं वाचला जातो, लेकराच्या गळ्याच्या हाडांपेक्षा खरा ठरतो, हे त्यांच्या खांबांमध्ये नव्हतं. आणि लिहिताना तिला तरी कुठं माहीत होतं की ते कुणी वाचतं. सातशे ग्रॅमचे हजार करताना तिच्या डोळ्यांपुढं पंचायत समितीतलं एक टेबल होतं, त्यावर असल्या वह्यांची चळत. तिनं ते टेबलाला लिहिलं होतं. ओढ्यावर फरशी टाकलेली होती, तिच्यावरून जाताना ती एकदा थांबली. अजूनही परत फिरता येत होतं. सव्वापाचची गाडी होती.

केरबाआप्पा दळण संपवून पट्टा उतरवत होते. साठी उलटलेले, भुवया आणि कानांवरचे केस पिठानं पांढरे. शाळेच्या बाई गिरणीत आलेल्या पाहून त्यांनी आधी बाकडं झटकलं. शिवांजलीचं नाव घेतल्यावर त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग त्यांनी सांगितलं की पोरं दळण घेऊन येतात, नंबर लागेपर्यंत दंगा करतात, म्हणून त्यांना डब्यासकट काट्यावर उभं करायचं आणि भिंतीवर लिहायचं, ही त्यांची जुनी रीत. आधी डब्यासकट, मग नुसता डबा, दळणासाठी तो तोलावाच लागतो. जास्त कोण भरतं यावर पोरांची शर्यत चाले. "लिवून ठिवतो, म्हंजी पोरं पुढल्या खेपंला पयली भितीकडं पळत्यात," ते म्हणाले. "ती बी पळायची. वजाबाकी तीच करायची तोंडी. तुमी शिकवल्याली."

स्वप्नालीनं काटा तपासू का म्हणून विचारलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी फळीखालून शिक्का मारलेलं पाच किलोचं लोखंडी वजन काढून दिलं. तिनं काट्याच्या चौकोनी पत्र्यावरचं पीठ हातानं पुसलं, आकडा शून्यावर येऊ दिला आणि वजन ठेवलं. पाच किलो. वजन उचलून पुन्हा ठेवलं, पत्र्याच्या एका कोपऱ्याला, मग दुसऱ्या. तिन्ही वेळा पाच किलो.

भिंत जात्याच्या मागं होती, उजेड कमी होता. आप्पांनी दार सताड उघडलं. पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी छातीच्या उंचीपासून खाली गेल्या होत्या, नावांवर नावं, काहींवर पिठाचा थर. तिनं पदरानं न पुसता फुंकर मारली. शिवांजलीच्या नावाखाली तीन ओळी होत्या. चौदा जून: डब्यासकट अठ्ठावीस किलो शंभर, डबा सहा किलो नऊशे. एकवीस किलो दोनशे. पाच जुलै: डब्यासकट पंचवीस किलो सातशे, डबा सहा किलो शंभर. एकोणीस किलो सहाशे. तिसरी ओळ नऊ ऑगस्टची होती. ती वाचायला तिला खाली बसावं लागलं. डब्यासकट बावीस किलो चारशे. डबा चार किलो नऊशे.

सतरा किलो पाचशे ग्रॅम.